लोखंडी दार, नग एक

४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी दीड पान शेजारणीचे गुडघे, एक पान गणवेशाचं कापड यंदा कसं धुतल्यावर विटतं ते, आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: "जुनी टाकी पाडणार आहेत, नोटीस लागली आहे." तुझी जुनी खोड आहे ही. महत्त्वाचं तेवढं कोपऱ्यात लिहायचं.

ती ओळ वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. टाकी जाईल तसं शेजारचं पाणीपुरवठ्याचं जुनं ऑफिसही जाईल, आणि आतले कागदही. धाकटी चिमी टाकीत गेली तेव्हा चौकशी झाली होती, म्हणजे कागद झालेच असणार. ते मी नगरपालिकेकडे रीतसर अर्ज करून मागवणार आहे.

दचकू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. लेक जूनपासून पुन्हा कामावर जाणार आहे. नातीला दिवसभर माझ्याकडे ठेवायचं म्हणते. पोर अडीच वर्षांची आहे. मी नाही म्हटलं. गुडघे दुखतात म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय म्हणाले. पण लेक काही दूधखुळी नाही. परवा तिनं सरळ विचारलं, "आई, तुला माझी मुलगी आवडत नाही का?" मी उठून स्वयंपाकघरात निघून गेले. नात घरात असली की तिच्याकडे बघायचं सोडून मी खोलीच्या दाराकडे बघत बसते. एक लहान मुलगी माझ्या हातून गेली आहे, दुसरी माझ्यावर सोपवू नकोस, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

सहा वर्षांच्या पोरीनं दार उघडं टाकलं त्यात एवढं काय, असं तू म्हणशील. पन्नास वर्षं तेच म्हणतेस. पण मला ते आठवतं, ताई. हिरवं लोखंडी दार, दोन्ही हातांनी उचलावी लागायची ती गार कडी, तळहाताला लागलेला रंग. आत कशाला गेले होते ते आठवत नाही. चिमी माझ्या पाठोपाठ येत होती का, तेही नाही. ते कागदात असेल. जे असेल ते असो, मला एकदा वाचायचं आहे.

तुझी,
मधली

ता. क. आपण दोघीच उरलो, तरी मला कुणी कधी धाकटी म्हटलं नाही. तुझ्या लक्षात आलंय का?


१५ जानेवारी

मधले,

कसली ही नसती उठाठेव! बाबा गेले, आई गेली, ज्या साहेबानं चौकशी केली तोही जाऊन जमाना झाला. त्रेपन्न वर्षांनी खपली काढून तुला काय मिळणार आहे? आणि ही नगरपालिका तुला कागद देईल असं वाटतंय? मी नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार केली होती. तीन वर्षांनी उत्तर आलं, "आपल्या घरी नळजोडणी नाही." उत्तर घेऊन आलेल्या माणसाला मी त्याच नळाखाली उभं केलं. तो म्हणाला, "बाई, नोंद म्हणजे नोंद."

तू लहान होतीस, तुझ्याकडून झालं. कुणी तुला बोललं का? आई कधी एका शब्दानं बोलली? मग तूच का स्वतःला खात बसतेस? नातीला जवळ घे आणि गप बस. गुडघ्यांना तेल लाव.

माझे हात सध्या भरलेत. एका शाळेनं ऐनवेळी दोनशे गणवेश बदलून मागितलेत, खिसा डावीकडे होता तो उजवीकडे पाहिजे म्हणे.

ताई


२३ जानेवारी

ताई,

आई बोलली नाही, खरं आहे. पण मी खोलीतून बाहेर पडले की ती मागोमाग यायची आणि मी लावलेलं दार हातानं ओढून बघायची. मी चाळिशी ओलांडली तरी. माहेरी आले की पहिल्या दिवसापासून सुरू. तिनं एकदा मला फाडफाड बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अर्ज गेला. पहिला परत आला, पाठपोट लिहिला म्हणून. दुसराही परत आला, "विषय मोघम" म्हणून. मी औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढली, किती वेळा घ्यायचं ते चिठ्ठीवर नसेल तर मी औषध काढत नसे. मोघम म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या वेळी लिहिलं: जुनी उघडी टाकी, त्या वर्षीचे मार्च आणि एप्रिल हे दोन महिने, सर्व खात्यांतील सर्व नोंदी. आता बोल म्हणावं.

त्यांनी तीन फेब्रुवारीला कागद समक्ष बघायला बोलावलंय. मला एवढा प्रवास झेपणार नाही. सोबत अधिकारपत्र जोडलंय, तू जा. ऑफिस तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. माझ्यासाठी एवढं कर.

मधली


६ फेब्रुवारी

मधले,

जाऊन आले. वाळवी लागलेली आहे. आपल्या वेळचं एक कपाटच्या कपाट पोखरलंय. तिथल्या बाईनं मला पुठ्ठा दाखवला, हात लावला तर भुगा पडला. चौकशीचा कागद त्यातच होता म्हणे. काही उरलं नाही.

मला वाटतं हे एका परीनं बरंच झालं. आता तरी तो विषय मिटव. इथे टाकीभोवती पत्रे ठोकलेत. येता-जाता दिसतात.

गणवेशांचे खिसे झाले. आता म्हणतात, डावीकडेच चालले असते.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

काल नगरपालिकेचं पाकीट आलं. पहिलंच वाक्य: "आपले प्रतिनिधी नेमलेल्या दिवशी हजर न राहिल्याने प्रती टपालाने पाठवीत आहोत." तू गेलीच नव्हतीस. वाळवी नाही, पुठ्ठा नाही, भुगा नाही. भुग्याचं तर किती छान लिहिलं होतंस!

रागावून लिहायला बसले होते. पण मग अहवाल वाचला आणि राग कुठच्या कुठे गेला. ओळी उतरवून देते.

"मधली मुलगी, वय सहा, हिने कडी काढून टाकीच्या आवारात प्रवेश केला व परत येताना दार लावले नाही. त्या उघड्या दारातून सर्वात धाकटी मुलगी, वय अडीच, आत गेली असावी. मधल्या मुलीने दिनांक २ एप्रिल रोजी चौकशी अधिकाऱ्यांसमोर कडी काढून दाखविली. थोरली मुलगी, वय अकरा, हिने वरील हकिगतीस दुजोरा दिला. पंपचालकाचा दोष आढळत नाही."

पंपचालकाचा दोष आढळत नाही. स्वतःबद्दलची ही ओळ बाबांनी वाचली असेल का गं? खाली साहेबाची सही आहे, ऐटबाज. माझ्याबद्दलच्या ओळीचं अक्षर मात्र एकदम स्पष्ट आहे. मला वाटलं होतं, कुठेतरी एखादा शब्द माझ्या बाजूनं असेल. "कदाचित" असेल, "नक्की सांगता येत नाही" असेल. काही नाही. मी तर त्यांना करूनही दाखवलं होतं. ते मला आठवतही नाही.

तू मला यापासून वाचवायला खोटं बोललीस, ते आता समजलं. तुला बोलले असते ते शब्द परत घेते. लेकीला सांगितलं, दुसरी सोय बघ. नातीचं स्वेटर माझ्याकडे राहिलं होतं, तेवढं ती घेऊन गेली.

मधली


५ मार्च

मधले,

हो. तेवढ्यासाठीच.

आता वाचलंस ना? झालं तर मग. नगरपालिकेला कळव की समाधान झालं, अर्ज बंद करा. आणि लेकीशी अबोला धरू नकोस. ती तुझी एकुलती एक आहे.

माझी तब्येत बरी आहे. हल्ली झोप लागत नाही, बाकी काही नाही.

ताई


१९ मार्च

ताई,

अर्ज बंद केला नाही, आणि ते बरं झालं की वाईट झालं ते अजून कळत नाहीये. "सर्व खात्यांतील" असं लिहिलं होतं ना, म्हणून माझा अर्ज त्यांनी तीन खात्यांकडे पाठवला होता. प्रत्येक खातं आपापलं उत्तर स्वतंत्र देतं, दुसऱ्यानं काय दिलं ते त्याला ठाऊक नसतं. आज भांडाराचं उत्तर आलं. भांडारातून कुठल्या कामाला काय सामान बाहेर गेलं, त्याच्या नोंदवहीचं एक पान. अक्षर भयंकर आहे, पण मी डॉक्टरांची अक्षरं वाचून पोट भरलं आहे.

"लोखंडी दार, नग एक, रंग हिरवा. जुन्या टाकीच्या भिंतीसाठी. दिले: २४ मार्च."

चिमी नऊ मार्चला गेली.

मला वाटलं तारीख चुकली असेल. मागच्या-पुढच्या ओळी बघितल्या. वर तेवीस तारखेचे पाइप, खाली पंचवीसचे खिळे. चुकलेली नाही. पाकिटात अजून एक कागद आहे, एक मार्चचा, साहेबांच्या पाहणीसाठी केलेला. त्यावर "दार बसवले" असं लिहून बाबांनी सही केली आहे. जे दार तेव्हा भांडारात पडून होतं, ते बाबांनी बसवलं कसं?

इथे पाणी मुरतंय, ताई. आणि तू जिथे राहतेस तिथेच मुरतंय. मी ज्या दाराची कडी काढली ते दार त्या दिवशी नव्हतंच. मग मला आठवतं ते काय आहे? मला वेड लागलंय का? तू अकरा वर्षांची होतीस. तुला आठवत असेलच. मला सांग.

मधली


१० एप्रिल

ताई, बावीस दिवस झाले. पोस्टमन मला बघून हल्ली रस्ता बदलतो. तू खिशांबद्दल लिही, शेजारणीबद्दल लिही, पण लिही. म.


१८ एप्रिल

मधले,

दार नव्हतं.

टाकीभोवती कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यात माणूस जाईल एवढी मोकळी जागा. तिथे दार बसायचं होतं. साहेब पाहणीला येणार होते, तर बाबांना म्हणाले, सामान येतंय, तुम्ही सही करून ठेवा. तेव्हा तसंच चालायचं, आधी सही मग काम. सगळेच करायचे. बाबांनी सही केली. आठ दिवसांनी चिमी त्या मोकळ्या जागेतून गेली.

खरं सांगितलं असतं तर बाबांची नोकरी जाणार, राहतं क्वार्टर जाणार, कदाचित बेड्याही. साहेबही अडकणार. म्हणून पंधरा दिवसांनी गुपचूप दार आलं. पण दार होतं म्हटल्यावर ते उघडं कुणी टाकलं, हा प्रश्न आला. बाबा म्हणाले, मधली सहा वर्षांची आहे, तिला कोण काय करणार? हे ते मला सांगत होते, की स्वतःला, कुणास ठाऊक. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

चौकशीच्या आधी तीन दिवस बाबा तुला रोज संध्याकाळी तिथे घेऊन जात होते. कडी काढायला शिकवायला. ती जड होती, तुला निघायची नाही. रंग ओला होता, तो तुझ्या हाताला लागायचा आणि मी घरी आल्यावर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढायचे. तुला वेड लागलेलं नाही. तुला आठवतं ते खरंच घडलं. कडी तूच काढलीस. पण तोवर चिमी जाऊन तीन आठवडे झाले होते.

नंतर तू झोपेत बोलायला लागलीस, "मी दार उघडं टाकलं." बाबा ते ऐकून उठायचे आणि पंपघरात जाऊन बसायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, आता तिला सांगू या. त्यांनी मला शपथ घातली. ते गेल्यावरही मी ती मोडली नाही.

आई तेव्हा आजोळी गेली होती, आजीच्या आजारपणात. परत आली ती थेट घरातल्या त्या सगळ्या प्रकारात. टाकीच्या बाजूला ती आधीही जायची नाही आणि नंतर तर तिकडे बघायचीही नाही. तिला माहीत नव्हतं. तिला तेच माहीत होतं जे अहवालात आहे.

तुझा अर्ज गेल्यापासून मी रोज उठून त्या ऑफिसच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. कागद काढून कुठेतरी जाळावा असं मनात आलं होतं. ते काही जमलं नाही.

ताई


२७ एप्रिल

ताई,

"तिला माहीत नव्हतं." तुझ्या पत्रातलं एवढंच वाक्य मी वाचत बसले आहे. आईनं माझी वेणी घातली, मला परीक्षेला सोडलं, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसली, आणि सगळा वेळ तिच्या मनात मी चिमीला मारलेलं होतं. आणि तरी एका शब्दानं बोलली नाही. किती कठीण गेलं असेल तिला माझ्यावर माया करणं. आणि ते सगळं कारण नसताना!

नगरपालिकेला विचारलं. जुना अहवाल बदलता येत नाही. पण त्या वेळचा साक्षीदार हयात असेल तर त्याचं सहीनिशी निवेदन अहवालाला जोडता येतं. थोरली मुलगी, वय अकरा, हिने दुजोरा दिला. ती हयात आहे. मला पत्रात नको, तिथे लिहून दे. टाकी पाडायच्या आत.

मधली


९ मे

प्रति, रेकॉर्ड विभाग, नगरपालिका
(एक प्रत माझ्या बहिणीस)

जुन्या टाकीवरील अपघाताच्या चौकशी अहवालात जिचा "थोरली मुलगी" असा उल्लेख आहे ती मी. माझे वय आता चौसष्ट असून माझे डोके ठिकाणावर आहे. अहवालातील हकिगतीस मी तेव्हा दुजोरा दिला होता. तो खोटा होता. अपघाताच्या दिवशी टाकीला दार नव्हते. माझ्या मधल्या बहिणीने काहीही केलेले नाही. ती त्या दुपारी घरात झोपली होती.

आपल्या तिथल्या बाई म्हणाल्या की निवेदनात जेवढे विचारले तेवढेच लिहावे. पण पुन्हा कुणी मला विचारणार नाही, म्हणून इथेच लिहिते. त्या दुपारी धाकटीला सांभाळायचे काम माझ्याकडे होते. मी शाळेचा नकाशा रंगवत होते. ती सारखी माझा ब्रश ओढत होती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटले, जा, बाबांकडे जा. ती गेली. बाबा पंपघरात होते. पंपघराची वाट टाकीवरून जाते. मी नकाशा पुरा केला आणि मग उठले.

वडिलांनी मधलीचे नाव घ्यायचे ठरवले तेव्हा मला वाटले, बरे झाले, माझे नाव नाही. हे मी कुणालाही सांगितलेले नाही. वडिलांची शपथ होती हे खरे, पण मी गप्प राहिले ती शपथेमुळे नाही.

हे अहवालाला जोडावे. वर जोडता आले तर वर जोडावे.


१४ जून

ताई,

तुझी प्रत आली. मग नगरपालिकेचंही पत्र आलं: निवेदन जोडलं, पान चौदाच्या मागे. वर जोडायची पद्धत नाही म्हणे. म्हणजे पुढे कुणी वाचलं तर आधी मी अपराधी ठरेन आणि चौदा पानांनंतर सुटेन. असू दे.

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते फार वाईट असतं. आता जेवढं आवरलंय तेवढं लिहिते. अकरा वर्षांच्या मुलीनं त्रास देणाऱ्या बहिणीला "जा" म्हणणं, हे काही नाही गं, ताई. सगळ्या बहिणी म्हणतात. चिमीही रोज जायची आणि रोज परत यायची. त्यासाठी तू त्या टाकीसमोर त्रेपन्न वर्षं राहायला नको होतंस. मला हे आधी कळलं असतं तर मी तुला हाताला धरून तिथून बाहेर काढलं असतं.

पण आई गेली तेव्हा तू बावन्न वर्षांची होतीस. शेवटचे दोन महिने तू तिच्याजवळ होतीस. एका वाक्याचं काम होतं. ते मी माफ करू शकत नाही. प्रयत्न केला, होत नाही. पुढे कधी होईल का, माहीत नाही. तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते.

लेकीला सगळं सांगितलं. ती खूप रडली आणि माझ्यावर चिडलीही, इतकी वर्षं लपवलंस म्हणून. सोमवारपासून ती कामावर जाते. नात माझ्याकडे असते. पहिले दोन दिवस मी तिच्या झग्याचं टोक हातात धरून बसले होते. सगळं कळलं तरी हाताला कडीचा गारवा लागायचा तो लागतोच. तो जाणार नाही असं दिसतंय.

काल दुपारी माझा डोळा लागला. जागी झाले तर ती जवळ नव्हती. पुढच्या दारात उभी होती, पाठमोरी. दार सताड उघडं, बाहेर ऊन. मी हाक मारली, ती नातीच्या नावाची नाही. "चिमे!" त्रेपन्न वर्षांत मी ते नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

तिनं वळून "ओ" दिली, आणि दार सोडून माझ्याकडे चालत आली.

मधली